कचरा आलाय

मोटारसायकल मिस्त्री लोकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. गाडी चालू होत नसो, चालू होऊन भर चौकात दगा देत असो, चढाला धापा टाकत असो नाहीतर उताराला फटाके फोडत असो, मिस्त्री दोन किका मारणार, मान तिरकी करून इंजिनाकडे कान नेणार आणि फडक्याला हात पुसत म्हणणार, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." डॉक्टरांचं जसं 'सध्या व्हायरल चाललंय', कचेरीतल्या शिपायाचं जसं 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', तसं हे वाक्य. त्याच्यावर उलटा प्रश्न नसतो. टाकीला झाकण आहे, पेट्रोल जाळीतून गाळून येतंय, मग या कचऱ्याला आत सोडलं कुणी, असलं काही विचारायचं नसतं. तो आलाय. न कळवता येणाऱ्या पाहुण्यासारखा आलाय आणि आता त्याला वाटेला लावायचाय, एवढंच.

मीही चाळीस वर्षं हे वाक्य निमूट ऐकून घेतलं आणि मागतील तेवढे पैसे काढून दिले. 2025 साली बँकेतून निवृत्त होऊन पुण्याहून सांगलीला परतलो, मागच्या पडवीतली अण्णांची येझ्दी गोणपाटाखालून बाहेर काढली, आणि तेव्हा पहिल्यांदा त्या कचऱ्याची नि माझी समोरासमोर गाठ पडली.

येझ्दी 1984 सालची. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीवरून उचल घेऊन त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा शेठजी चार दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होते, कारण शेठजींकडे स्कूटर होती. गाडी म्हैसूरच्या कारखान्यातली, पण मूळ घराणं चेक. यानेचेक नावाच्या तिथल्या कारखानदाराची आणि वांडरर या जर्मन कंपनीची पहिली रोमन अक्षरं जोडून 1929 साली 'जावा' झाली. इकडे आल्यावर इराणी मालकांनी इराणातल्या याझ्द शहरावरून तिची 'येझ्दी' केली. सासरी आल्यावर नाव बदलतात त्यातलाच प्रकार. हिची किक शोधावी लागते. ज्या दांड्याने किक मारायची, तोच फिरवून पुढे आणला की त्याचा गिअर होतो. एकदा रात्री कुणीतरी गाडी फाटकाबाहेर काढून नेली होती. सकाळी ती कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकवलेली सापडली. बिचाऱ्याला किक सापडली नसणार.

अण्णांची गाडीबाबत एक खोड होती. घरी येताना पिठाच्या गिरणीपाशी आले की चालत्या गाडीवरच वाकून ते पेट्रोलचा कॉक बंद करायचे. गिरणीपासून आमचं घर पाऊण किलोमीटर. तेवढं अंतर गाडी कार्बोरेटरमध्ये आधीच उतरलेल्या पेट्रोलवर यायची आणि फाटकात शिरता शिरता, विझताना दिवा मोठा व्हावा तशी तिची रेस एकदम वाढून ती गप्प व्हायची. आईला तो आवाज पाठ होता. शेवटचं भर्रर्र ऐकलं की ती चहाचं आधण ठेवायची. आम्हा भावंडांना हा सगळा कंजूषपणा वाटे. दिवाणजीच ते, टाकीतला थेंब टाकीत आणि खात्यातला पैसा खात्यात! बहिणीने तर हिशोब करून दाखवला होता की या बचतीतून वर्षाला एक मसाला डोसा निघेल, तोही वाटून खायचा.

2014 साली अण्णा गेले. तेराव्यानंतर वारसाच्या कागदपत्रांसाठी मी आठवडाभर तीच गाडी फिरवली, मग पडवीत लावली, वर गोणपाट टाकलं आणि पुण्याची एसटी धरली. टाकीत सात-आठ लिटर पेट्रोल होतं. कॉक बंद केला होता की नाही ते आठवत नाही, असं मी घरात सांगतो. खरं म्हणजे चांगलं आठवतं. केला नव्हता.

तर अकरा वर्षांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. तो आला, टाकीचं झाकण उघडून त्याने वास घेतला आणि दिवाळीआधी दारं रंगवतात तसा वास सगळ्या पडवीभर पसरला. मग दोन किका, तिरकी मान, फडकं.

"कचरा आलाय बघा काका."

"कुठून आला?" मी विचारलं. निवृत्त माणसाला वेळ असतो.

मिस्त्री जरा गडबडला. "पुराचं पाणी शिरलं असंल की." 2019 च्या महापुरावर सांगलीत काहीही खपतं. मिक्सर जळला, भिंतीला ओल आली, कुणाचं ठरलेलं लग्न फिसकटलं, तरी बोट नदीकडे. आमच्या दारात मात्र पाणी दुसऱ्या पायरीला शिवून परत गेलं होतं. समोरच्या भाऊंचं मत उंदीर. माझ्या आतेभावाचं मत इथेनॉल, कारण तो मोबाइलवर खूप वाचतो. पण 2014 च्या पेट्रोलात इथेनॉल असलंच तर चवीपुरतं. थोडक्यात, जो तो बाहेरचा चोर शोधत होता आणि कॉकचा विषय कुणी काढत नव्हतं. मीही काढला नाही.

"गाडी गॅरेजवर ठेवून जावा, दोन-चार दिवसांत बघतो," मिस्त्री म्हणाला. मिस्त्रीचे दोन-चार दिवस मला माहीत आहेत. "मीच उघडतो," मी म्हणालो. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. जाताना एवढंच बोलला, "हवेचा स्क्रू काढायच्या आधी आटे मोजा. आणि जेटमध्ये टाचणी घालू नका, काय?"

कार्बोरेटर मुठीत मावणारी वस्तू. खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. वाटीत किती साठायचं हे फ्लोट ठरवतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीत चेंडू वर आला की पाणी बंद होतं, तीच युक्ती. वाटीचे चार स्क्रू मी काढले, तरी वाटी सुटेना. रबरी हातोडीने टकटक केलं, तेव्हा गुळाच्या ढेपेचा खडा निघावा तशी ती निघाली, आणि आत पाहतो तर काय, काकवी.

उपमा म्हणून सांगत नाही. उसाच्या मुलखातला माणूस आहे, काकवी ओळखतो. तोच रंग, तोच चिकटपणा, कडेला तशीच गोठलेली साय. पेट्रोल म्हणजे काही एकच एक द्रव नव्हे. शेकडो प्रकारच्या हायड्रोकार्बनांचं ते कडबोळं असतं. गाडी उभी राहिली की त्यातले हलके, चपळ घटक आधी उडून जातात, लग्नात पंगत उठली की पाहुणे चपला शोधू लागतात तसे. मागे राहतात ते जड, बूड न हलवणारे. ते रिकामे बसत नाहीत. हवेतला प्राणवायू घेतात, एकमेकांच्या गळ्यात गळे घालतात आणि त्यांचा डिंक होतो. तेलाच्या धंद्यातली माणसंसुद्धा त्याला डिंकच म्हणतात, फक्त इंग्रजीत. डिंक वाळला की वार्निश. त्यात आमची गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळलेलं. पेट्रोल उडून गेलं तरी ऑइल कुठे जाणार?

पण खरी गंमत कॉकची. कॉक बंद असता तर वाटीतलं तेवढं दोन-तीन चमचे पेट्रोल वाळलं असतं नि विषय संपला असता. कॉक उघडा होता. वाटीतलं पेट्रोल उडालं की फ्लोट खाली जाई, वरून नवं पेट्रोल उतरे. तेही उडे, पुन्हा नवं. गुऱ्हाळावर काहिलीत रस ओतत राहावं आणि खालचा जाळ चालू ठेवावा, तसं आमच्या पडवीत हे बिनजाळाचं गुऱ्हाळ महिनोन् महिने चाललं. टाकीतल्या पेट्रोलचा अर्क त्या एवढ्याशा वाटीत येऊन बसला होता. कचरा आला नव्हता हो. पेट्रोल पुरतं गेलं नव्हतं.

हे कळल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर कॉक हळूच बंद केला. घरात कुणी बघितलं तर निदान आता तो बंद दिसावा.

आता साफसफाई. काकवी खरवडून काढली तेव्हा खाली तीन रंग निघाले. सगळीकडे तपकिरी वार्निश. पितळी जेटवर हिरवट थर. आणि ओतीव अंगावर कोपऱ्याकोपऱ्यांतून पांढरी भुकटी. हिरव्याला आईने लांबूनच ओळखलं. ऐंशी पार झाली आहे, कानाने आणि डोळ्याने अधू, पण म्हणाली, "कळंकलंय की रे ते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवलंस काय?" आणि पितळेला चिंच लागते हेही वर सांगितलं.

चिंचेऐवजी मी लिंबं घेतली. लिंबाच्या पाण्यात कार्बोरेटर उकळतात असं ऐकलं होतं आणि घरात लोणच्यासाठी आणलेली दोन डझन लिंबं होती. बायकोने विरोध तत्त्वावर केला नाही, तपशिलावर केला. "गॅसवर नाही. पेट्रोलचं भांडं आणि जाळ एका खोलीत नाही. माझं स्टीलचं पातेलं नाही. आणि अहो, सगळी लिंबं नाहीत." चारही मुद्दे बिनतोड होते. मग कार्बोरेटर आधी साबणाने घासून धुतला, वास जाईपर्यंत उन्हात ठेवला, आणि अंगणात इंडक्शनच्या शेगडीवर, मोडीत निघालेल्या पातेल्यात, आठ लिंबांच्या रसात शिजवला. दहाच मिनिटं. पांढऱ्या भुकटीने फेस धरला, हिरवं उतरलं, जेट नव्या समईसारखे चमकू लागले. त्यावर खुशीत येऊन मी आणखी वीस मिनिटं ठेवला. तो माझा आगाऊपणा. हे ओतीव अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि आम्लाला जस्त आवडतं. कार्बोरेटर बाहेर काढला तर तोंड उतरल्यासारखा काळवंडलेला. खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारलं, पण गेलेली रया काही परत आली नाही. आणि तपकिरी वार्निश? जसंच्या तसं. लिंबाने कळंक निघतो, डिंक निघत नाही.

डिंकासाठी पूर्वी रॉकेल होतं. अण्णांच्या काळी गाडीच्या कुठल्याही रोगावर रॉकेल चाले, गुडघ्यावर चालतं तसं. आता रॉकेल मिळवायचं म्हणजे दारू मिळवण्यापेक्षा अवघड. म्हणून बाजारातून फवाऱ्याचा डबा आणला. याच्या तोंडाला बारीक नळी असते. एका भोकात धरून दाबली की औषध कार्बोरेटरच्या आतल्या वाटांमधून फिरून भलत्याच भोकातून बाहेर पडतं. कुठल्या भोकात घातलं म्हणजे कुठून निघेल, हे आधी माहीत असावं लागतं. मला नव्हतं. पहिलीच चिळकांडी माझ्या चष्म्यावर. पुसायला गेलो तर काचा, म्हणजे हल्ली ज्यांना काचा म्हणतात ते प्लॅस्टिक, धुक्यासारख्या पांढऱ्या झाल्या. औषध डिंकाला लागू पडतं याची मात्र खात्री पटली.

त्या चष्म्यामुळे एक काम झालं. आतेभावाचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे गेलो. तो इथेनॉलवर बोलत असताना माझं लक्ष काउंटरवरच्या एका छोट्या चौकोनी डब्याकडे गेलं. गिऱ्हाइकांच्या फ्रेमा त्यात पाण्यात बुडवून तो बटण दाबत होता आणि बिजागरीत वर्षानुवर्षं साठलेला घाम-मळ धुरासारखा बाहेर पडत होता. अल्ट्रासोनिक. सोनारही दागिन्यांना वापरतात. सेकंदाला चाळीस हजार कंपनं, आपल्या कानाला काही कळत नाही. पण पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात, आणि फुटताना जिथे ब्रश पोचत नाही तिथे टिचक्या मारत सुटतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा, पिशवीतून कार्बोरेटर घेऊन गेलो. आतेभावाने इकडेतिकडे बघितलं. "कुणी आलं तर दुर्बीण आहे म्हणून सांगू," म्हणाला. डब्यात साबणाचं कोमट पाणी, त्यात कार्बोरेटर, बटण. जरा वेळाने पाण्यात तपकिरी ढग उठला. मग दुसरा. पाच मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखं. एवढ्यात एक आजी नंबर काढायला आल्या, डब्यात डोकावल्या आणि आतेभावाला म्हणाल्या, "काय शिजवतोस रे?" पाणी चार वेळा बदललं. पाचव्यांदा ते स्वच्छ राहिलं, तेव्हा मला वाटलं, झालं. आतेभावाने नवा चष्मा दिला, पैसे पूर्ण घेतले, आणि डबा धुवायचं काम मला दिलं.

पण बारका जेट बंदच होता.

जेट दोन असतात. मोठा जेट गाडी पळवतो. त्याचं भोक मिलिमीटरभराचं, तो कधीच मोकळा झाला होता. बारका जेट गाडी उभी असताना तिचा जीव टिकवतो. सिग्नलला ती जी टुकटुक करत राहते, ती याच्यावर. त्याचं भोक सुईच्या नेढ्याहून बारीक, मिलिमीटरचा तिसरा हिस्सा फार तर. कार्बोरेटरमधलं सगळ्यात अरुंद दार हेच, म्हणून डिंक पहिल्यांदा इथेच बसतो आणि शेवटी इथूनच उठतो. जेट डोळ्याला लावून आकाशाकडे धरायचा. मोकळा असला तर आत प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. मी धरला. काळोख. उलटा धरला. काळोखच. गच्चीवर उभा राहून मी पितळेचा तुकडा डोळ्याला लावून तोंड वर करून बघतोय, हे समोरच्या गच्चीवरून भाऊ बघत होते. "ग्रहण हाय काय आज?" त्यांनी ओरडून विचारलं.

टाचणी घालायचा मोह अशा वेळी फार होतो. पितळ मऊ, टाचणी पोलादाची. आत फिरवली की भोकाला ओरखडे पडतात, ते रुंदावतं, आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. कितीतरी गाड्यांचं ॲव्हरेज असं टाचणीने गेलेलं आहे. मी जुन्या इस्त्रीची वायर कापली. तिच्या आत तांब्याच्या केसासारख्या तारा असतात, एकेक साधारण 0.2 मिलिमीटरची. तांबं पितळेहून मऊ. एक तार सरळ केली, जेट रात्रभर फवाऱ्याच्या औषधात बुडवून ठेवला आणि सकाळी चहाच्या आधी खिडकीत बसलो.

तार आत जाते, थोडी जाते, अडते. तिथे ढकललं तर ती वाकते. तार वाकली की ती कापून नवं टोक घ्यायचं, पुन्हा औषधाचा एक थेंब, पुन्हा टोक. ढकलायचं नाही, फक्त टेकवून दोन बोटांत फिरवायचं. सातव्या की आठव्या टोकाला बोटांना काहीतरी कळलं. कळलं म्हणजे काय, दगड सरकला वगैरे काही नाही. मघापर्यंत तार जिथे थांबत होती तिथे ती किंचित उशिरा थांबली. मग आणखी उशिरा. मग टोकाशी तपकिरी, साखरेच्या दाण्याएवढं काहीतरी माझ्या अंगठ्याच्या नखावर येऊन पडलं. जेट डोळ्याला लावला. ठिपका होता! एवढासा, पण गोल. त्यातून नारळाच्या झावळीचं टोक हलताना दिसलं.

नखावरचा तो कण मी बराच वेळ बघत बसलो. याच्यापायी दोन यंत्रं चालवावी लागली होती, एक आतेभावाचा डबा आणि एक बायकोची शेगडी. तो कण मग वाऱ्याने उडाला.

कार्बोरेटर उन्हात वाळत होता तेव्हा त्याच्या घशातून आरपार बघता आलं. मधे तो निमुळता होतो. हवा अरुंद जागेतून जाताना वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो, हे व्हेंचुरी नावाच्या इटालियन गृहस्थांनी 1797 साली सांगितलं. दाब कमी झाला की जेटमधून पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं आणि हवेबरोबर फवारा होऊन इंजिनात शिरतं. ढेकणांवर मारायचा फ्लिटचा पंप याच तत्त्वावर. हंगेरीचे बांकी आणि चोन्का यांनी 1893 साली फवाऱ्याचा कार्बोरेटर केला. बुडापेस्टमध्ये फुलांवर तोंडाने फुंकून पाणी फवारणारी फूलवाली बघून त्यांना ते सुचलं असं सांगतात. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून फुर्रर करत शर्टांवर फवारायचा. आम्ही त्याला घाण म्हणालो. कुणाला काय सुचेल हे बघणाऱ्यावर आहे.

हिशोब मोठा मजेचा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. लिटरात मांडलं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या भरून. हे माप या मुठीएवढ्या वस्तूने, ना वीज, ना सेन्सर, निव्वळ भोकांच्या आकारावर सांभाळायचं. भोकात साखरेचा दाणा बसला की संपलं. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला, आता इंजेक्शन. मिस्त्रीकडचा नवा पोऱ्या गाडीला आधी वायर जोडून कॉम्प्युटरला विचारतो. कॉम्प्युटर अजून तरी 'कचरा आलाय' म्हणत नाही. तो नंबर देतो.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही. नवी गॅस्केट, नवा ओ-रिंग घातला. टाकीतला गंज काढायला पावकिलो नट घालून ती खुळखुळ्यासारखी तासभर हलवली, त्यावर घरातून वेगळी तक्रार आली. हवेचा स्क्रू मी आटे मोजून काढला होता. पण कागदावर लिहिलेला तो आकडा दीड आहे की अडीच, हे माझं मलाच लागेना. सगळं झाल्यावर ताटलीत एक वायसर उरला. कुठला, ते अजून माहीत नाही. खिशात असतो.

नव्या पेट्रोलची तर वेगळीच तऱ्हा. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि ते काही अंशी उसाच्या रसातून नि मळीतून येतं. म्हणजे ज्या काकवीला मी वाटीतून खरवडून काढलं, तिचीच दूरची भावंडं मी नळीतून आत सोडत होतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं, म्हणून पेट्रोलची नळी नवी घेतली. "म्हातारपणी दारू लागली म्हणायची गाडीला," आतेभाऊ म्हणाला. त्याचा इथेनॉलचा मुद्दा अकरा वर्षं उशिरा का होईना, बरोबर निघाला.

पहिल्या नऊ किकांना काही नाही. दहाव्याला सायलेन्सरमधून खोकला. चौदाव्याला ती चालू झाली आणि दोन्ही सायलेन्सरांमधून असा निळा धूर निघाला की समोरच्या भाऊंनी वाळत घातलेले कपडे गोळा केले. पडवीत मी एकटा नाचलो. आवाज ऐकून मिस्त्री स्वतःहून आला, म्हणजे शेजारून जात होता म्हणतो. बसला, हवेचा स्क्रू पाव आटा आत, पाव बाहेर, डोळे मिटून, रेडिओवर स्टेशन लावावं तसा. आणि गाडी टुकटुक टुकटुक करत एका जागी स्थिर झाली. "कसला कचरा होता?" त्याने विचारलं.

"कॉक उघडा राहिला होता," मी म्हणालो. घरात अजून सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी हरिपूरच्या रस्त्याने एक चक्कर मारली. परतताना गिरणी आली. हात आपोआप खाली गेला आणि मी कॉक बंद केला. अण्णांना पाऊण किलोमीटरचा अंदाज तीस वर्षांत बसला होता, मला तो पहिल्याच दिवशी बसेल असं का वाटलं कोण जाणे. नवं पेट्रोल, काळवंडलेला कार्बोरेटर, वायसर खिशात. मारुतीच्या देवळापाशी गाडीची रेस एकदम भर्रर्रकन वाढली आणि ती गप्प झाली. घर अजून दोनशे पावलं.

कॉक पुन्हा उघडता आला असता. पण मग वाटी परत भरली असती. उतरलो आणि ढकलायला लागलो. येझ्दी ढकलणं म्हणजे हट्टी म्हशीला डोहातून बाहेर काढणं. भाऊ फाटकात उभे होतेच.

"कचरा आला काय?"

"नाही, संपवून आणलंय," मी धापा टाकत म्हणालो. त्यांना ते कळलं नाही, आणि समजावून सांगण्याइतका दम माझ्यात नव्हता.

घरात शिरलो तर स्वयंपाकघरात वाद चालू होता. आईने ते शेवटचं भर्रर्र लांबून ऐकलं होतं. मोबाइल, बेल, कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू येत नाहीत, हे एवढं आलं. लगेच सुनेला म्हणाली होती, "चहा टाक, आला तो." बायकोने टाकला. मी काही आलो नाही. आई म्हणत होती गॅस बंद करू नको, आता येईल, बायको म्हणत होती कुठे आलेत. तोवर देवळापासून घरापर्यंत मी म्हैस ओढत होतो.

चहा आटून अर्धा कप उरला होता, रंगाने थेट काकवी. पातेल्याच्या कडेला तपकिरी थर धरला होता. बायकोने ते पातेलं माझ्यासमोर ठेवलं, आणि शेजारी एक लिंबू.